जिभेखालची गोळी

धुळे, ता. १० मार्च १९७१

सौ. चंद्रकांता अभिमन पाटील, मु. पहूर, यांस,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. नऊ वर्षांपूर्वी तू घर सोडून गेलीस, त्या दिवशी मी तुझ्या नावाने अंघोळ करून मोकळा झालो. मेलेल्या माणसाला आशीर्वाद कसा लिहितात ते मला माहीत नाही. म्हणून नुसते यांस लिहिले आहे.

तुझ्या आईला सोमवारी हृदयाचा झटका आला. इथे धुळ्यात खासगी दवाखान्यात ठेवली आहे. जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचे नीट वाचशील.

सकाळी ती नरडाण्याला ओसरीवर पापड लाटत होती. एकदम लाटणे ठेवून म्हणाली, "छातीवर कोणी पाटा ठेवलाय हो." डावा हात दुखतो म्हणाली, आणि अंगाला घाम, पण घाम गार. मला वाटले वायू धरला. मी ओवा दिला, सोडा दिला, पोटाला हिंग चोळायला लावला. यात दीड तास गेला. किराणा दुकानदाराच्या घरात ओवा आणि सोडा आधी हाताला लागतात. मग ती उलटी करून पांढरी पडली तेव्हा मी गाडी शोधायला धावलो. गावातल्या जीपगाड्या सगळ्या निवडणुकीत गेलेल्या. शेवटी सरकीचा ट्रक मिळाला. सरकीच्या पोत्यांवर निजवून आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटत होती आणि मी ड्रायव्हरला कधी हळू चल म्हणत होतो, कधी जोरात.

डॉक्टरांनी छातीला, हातापायांना तारा लावून कागदाच्या लांब पट्टीवर आलेख काढला. दुखणे थांबायचे इंजेक्शन दिले. नाकाला नळी लावून प्राणवायू दिला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठजी, दीड तास लवकर आणायला हवं होतं." मी त्यांना ओव्याचे सांगितले नाही. तुला सांगितले.

तू येऊ नकोस. हे मी रागाने लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे मनाला कसलाही धक्का लागता कामा नये, दुःखाचा नाही आणि आनंदाचाही नाही. तू समोर दिसलीस तर तिला दोन्ही होतील. शुद्धीवर येताच तिने मला कळवायला लावले म्हणून कळवतो आहे.

लि. दलिचंद

धुळे, ता. १९ मार्च १९७१

चंद्रकांतास,

तुझे पत्र मिळाले. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून वाचले. "तुमच्या घरी मी मेले आहे, पण मला आई आहे," असे तू लिहिले आहेस. ते वाचून आत गेलो तर तुझी आई माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "काय झालं? माझी पट्टी वाईट आली का?" मी म्हणालो, उन्हाने डोळे आलेत. तेव्हा विचार कर, मजकूर कसा लिहावा.

तू विचारतेस, झटका म्हणजे नेमके काय. मीही डॉक्टरांना तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ते हसले आणि कागदावर चित्र काढून दिले. हृदय सगळ्या अंगाला रक्त पाठवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. त्याच्या अंगावर बारीक शिरा आहेत, पांझरा नदीच्या पाटासारख्या. पाटात गाळ साचत जातो, मग एक दिवस वरून गुठळी येऊन अडकते आणि पुढचा वाफा सुकतो. तेवढे मांस मरते. मेलेले परत जिवंत होत नाही. त्या जागी व्रण धरतो, आणि तो घट्ट व्हायला सहा आठवडे लागतात. तोवर जोर पडला तर कच्ची जागा फाटू शकते. औषध गाळ काढत नाही. नवी गुठळी होऊ नये आणि हृदयाला काम कमी पडावे, एवढेच औषध करते. म्हणजे बरे करणारे काही नाही, सांभाळणारे आहे. हे मी विचारून पक्के केले.

तुझ्या आईने चित्र पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना वाढतं आणि त्याच्याच ताटात काही नाही. हे तर मला चित्राशिवाय ठाऊक होतं." डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण ती हसली तेव्हा नाडी वाढली असेल.

तिला स्वतःच्या हाताने जेवायचीही परवानगी नाही. कूस आपली आपण बदलायची नाही. मीठ बंद. नरडाण्याहून झुंबरबाईला आणले आहे, ती घास भरवते. तुझ्या वेळेला आपल्याकडे कामाला असायची तीच. आता तिचे दात गेले आहेत, पण तोंड तेवढेच आहे.

येण्याचे काढू नकोस. एकतीस दिवस राहिले.

दलिचंद

नरडाणे, ता. ५ एप्रिल १९७१

चि. चंद्रकांता,

मी नको म्हटले असताना काल तू आलीस. रविवारी दुपारच्या गाडीने येते असे कार्ड टाकलेस म्हणून बरे, मला स्टेशनवर गाठता आले. आम्ही बुधवारीच धुळ्याहून घरी आलो आहोत. तू थेट घरात शिरली असतीस तर काय झाले असते याचा विचार करून मला रात्रभर झोप नाही.

नळापाशी बाकावर तुला बसवून घेतले, घरी नेले नाही, याचा राग धरू नकोस. तू एकदाच "नाना" म्हणालीस आणि मग नुसती ऐकत राहिलीस. मी तुला आईच्या जिवाची शपथ घातली की मी बोलावेपर्यंत येणार नाहीस. परतीची गाडी येईपर्यंत सव्वा तास होता. तेवढ्यात घरी जाऊन, लांबून पाहून येता आले असते, असे तू म्हणालीस. येता आले असते. दहा मिनिटांचीच वाट आहे. पण माझे पाय उठले नाहीत.

तू दिलेली सावरीच्या कापसाची उशी मी घरी नेली. डॉक्टर पाठीला उंच आधार द्या म्हणालेच होते. तिला सांगितले, बाजारातून आणली. तिने हाताने चाचपली, कडेची शिवण बोटाने पाहिली आणि म्हणाली, "बाजारात हा टाका घालत नाहीत. असा उलटा टाका मी एकीलाच शिकवला." मी पाण्याचा तांब्या भरायला गेलो.  उशी पाठीला लावू देत नाही, गालाखाली घेते.

आता खरे लिहितो. मी तिला सांगत आलो आहे की चंदाला ये म्हणून लिहिले आहे, तिला सवड होत नाही. तुला लिहीत आलो की येऊ नकोस. दोघींना दोन. आता उशीमुळे तिला कळले असेल. झुंबरबाईला तर कळलेच आहे. ती भांडी घासता घासता मला ऐकवते, "शेठ, मायले आंडेर दखाडा. दवाई त्यामाच शे." आईला लेक दाखवा, औषध त्यातच आहे, म्हणे. तिला वैद्यकी येत असती तर धुळ्याला कशाला गेलो असतो.

यापुढे पत्रेही घालू नकोस. घातलीस तर मी उघडणार नाही. तुझे पत्र वाचले की माझे तोंड बदलते आणि ते तिला दिसते. चुडामण पोस्टमन देईल ते वेलदोड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवीन. सहा आठवडे झाले की तूच येऊन तिला वाचून दाखव.

नाना

नरडाणे, ता. ११ एप्रिल १९७१

चि. चंदा,

काल डॉक्टर आमच्या गावी दुसऱ्या रोग्याकडे आले होते, ते घरीही येऊन गेले. नाडी बरी आहे. पायाला सूज नाही. चार दिवसांनी खाटेवर बसवा म्हणाले.

परवा तिला पुन्हा छातीत दाबल्यासारखे झाले होते, म्हणून त्यांनी एक नवी गोळी दिली. साबुदाण्याहून थोडी मोठी, पांढरी. गिळायची नाही, जिभेखाली धरायची. ती शिरा सैल करते, म्हणजे अडलेल्या पाटातून थोडे पाणी सुटते. पाच मिनिटांत थांबले नाही तर दुसरी, मग तिसरी. त्यांच्यासमोर एक देऊन पाहिली. तुझी आई म्हणाली, "मिरीचा दाणा चावल्यासारखी चुरचुरते, आणि डोकं ठणकतं." डॉक्टर म्हणाले, ठणकू द्या, म्हणजे काम करते आहे. जाताना मला बजावले, "शेठजी, गोळी सतत हाताशी ठेवा. शोधण्यात मिनिट घालवू नका."

आता तू मला ओळखतेस. बाटली एक आणि घरात खोल्या चार. बाटली माजघरात आणि दुखणे ओसरीवर, असे झाले म्हणजे? त्या सोमवारी दीड तास घालवणारा माणूस मी. रात्री बसून पुड्या बांधल्या. तीस गोळ्या होत्या, एक दिली, एकोणतीस. चार-चारच्या पाच पुड्या केल्या, वेलदोड्याची बांधतो तशा, चौकोनी, शेपूट आत खोचून. एक तिच्या पदराच्या गाठीत, एक उशीखाली, एक स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर, एक दुकानात, एक माझ्या कोटाच्या खिशात. उरलेल्या नऊ बाटलीतच ठेवून बाटली कपाटात ठेवली. तिच्यावर इंग्रजीत बारीक काहीतरी छापले आहे, कंपनीचे नाव-गाव असेल. तू सहा वर्षांची असताना दुकानात माझ्या मांडीला टेकून अशाच पुड्या बांधायचीस. तुझ्या कधी सुटल्या नाहीत.

एक अडचण मात्र राहिली. तिचा चौविहार. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही की औषध नाही. मी म्हणालो, आजारात सूट असते, साध्वी महासतीजींनीही सांगितले. तर म्हणते, "सूट असते ती ज्याला हवी त्याला. दुखण्याला सांगा, उजेडात ये."

नाना

नरडाणे, ता. २२ एप्रिल १९७१

चि. चंदास अनेक आशीर्वाद.

आज लिहिला. लिहून झाल्यावर काही वाईट वाटले नाही.

सोमवारी सहा आठवडे पुरे झाले. तुझी आई आता चार पावले चालते, ओट्यावर येऊन बसते. मी नको म्हटले असताना शुक्रवारी तुझे पत्र आलेच. चुडामण म्हणाला, "शेठ, पहूरचं आहे, जाडजूड आहे." ठरल्याप्रमाणे मी ते उघडले नाही, डब्यात ठेवले आहे. मी शब्दाचा पक्का आहे.

आणखी चांगली बातमी ही की गोळीची तिला सवय झाली. या आठवड्यात दोनदा दिवसा थोडे दाबल्यासारखे झाले. दोन्ही वेळेला उशीखालच्या पुडीतली गोळी दिली. तर म्हणते, "आता चुरचुरत नाही, डोकंही उठत नाही. खडू चघळल्यासारखी लागते." दुखणे राहिले ते अर्धा तास पडून राहिल्यावर गेले. मला वाटते शरीराने औषध आपले मानले. झुंबरबाई म्हणते तोंडावर तेज आले आहे.

आता मुख्य. तू आखाजीला ये. मंगळवारी आखाजी आहे. सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात त्यात तूही येशील, त्यामुळे कोणी मुद्दाम पाहणार नाही. जावईबापूंना आण म्हणवत नाही अजून. पण आले तर दारातून परत पाठवणार नाही, एवढे लिहितो. तुझ्या आईला मी काल सांगितले. मला भीती होती, हात तिच्या नाडीवर धरूनच सांगितले. नाडी वाढली नाही. ती म्हणाली, "लिंबाला झोका बांधायला सांगा." मी म्हणालो, ती आता तीस वर्षांची बाई आहे, झोक्यावर बसणार आहे का? म्हणाली, "तिच्यासाठी नाही. मला दिसायला हवा."

झोका उद्या दारच्या कडुलिंबाला बांधून घेतो. तुला घातलेली शपथ मी सोडवली असे समज.

तुझा नाना

नरडाणे, ता. ९ मे १९७१

चंदा,

तू परत गेल्याला चौदा दिवस झाले. माझे बावीस तारखेचे पत्र आणि तार तुला एकाच दिवशी, एकाच पोस्टमनने दिली, हे झुंबरबाईकडून कळले. तू माझ्याशी बोलली नाहीस. आलीस तेव्हा सगळे उरकले होते. तुझ्यासाठी थांबावे असे एकाने सुचवले होते. मीच म्हणालो, उन्हाळा आहे.

तू फक्त एक विचारलेस. उंबऱ्यात उभी राहून विचारलेस, "गोळी बाटलीतली दिली की पुडीतली?" मी म्हणालो, पुडीतली. तू पायात चपला घातल्यास. मला वाटले, बाई दुःखात काहीही विचारते.

आता त्या दिवसाचे लिहितो. तू विचारले नाहीस, पण सांगायला दुसरे कोणी नाही. शुक्रवारी दुपारी झोका बांधून झाला होता. ती ओट्यावर बसून तो पाहत होती. दिवस बुडाला, मी दुकानाची फळी लावत होतो, तेवढ्यात तिने हाक मारली. छातीवर हात होता. पहिल्या दिवशीसारखाच घाम. मी पदराची गाठ सोडून पुडी काढली. ती मान हलवून म्हणाली, "दिवस बुडालाय." मी हात जोडले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी हात जोडले नव्हते. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माझ्यासाठी नाही, तुमच्या भीतीपायी मोडते." आणि तोंड उघडले.

पहिली दिली. मी विचारले, लागतेय का? म्हणाली, "काही लागत नाही हो." पाच मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. झुंबरबाई गाडीसाठी धावली. मी तिसरी विरघळायची वाट पाहत बसलो. कपाट तिथून बारा पावलांवर होते. मी नंतर मोजली. कपाटातल्या बाटलीची मला आठवणही झाली नाही, कारण गोळी तर दिलीच होती. तिने विचारले, "आखाजीला किती दिवस?" मी म्हणालो, चार. म्हणाली, "चारच ना." जीप आली तेव्हा तिला उचलण्यात अर्थ नव्हता.

तेराव्या दिवशी सगळे गेल्यावर मी वेलदोड्याचा डबा उघडला.

तुझे पत्र उघडत नव्हतो ते तिच्या जिवासाठी, असे मी तुलाही लिहिले आणि मलाही सांगितले. खरे तसे नव्हते. मला भीती होती की त्यात मला बोल असतील. नऊ वर्षांचे साचलेले असेल, अंघोळीचे असेल, स्टेशनच्या बाकाचे असेल. चुडामण जाडजूड म्हणाला तेव्हा मी पक्के समजलो की आता सगळेच लिहिले आहे. त्या पाकिटाला मी रोज हात लावत होतो, उघडत नव्हतो.

त्यात मला लागेल असा एकही शब्द नव्हता. चार पाने होती आणि चारही पानांवर गोळ्यांचेच. तू लिहिले होतेस की जावईबापू ज्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत तिथे ही गोळी येते आणि ते तिला बाटलीबाहेर काढून ठेवू देत नाहीत. हिच्यातले औषध उडून जाते, अत्तरासारखे. कागद ते पिऊन टाकतो. अंगाच्या आणि चुलीच्या उबेने आणखी लवकर जाते. काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावूनच ठेवायची, बाटलीवर इंग्रजीत तेच छापलेले असते. पुढे तुझे अक्षर मोठे झाले आहे: "नाना, तुम्ही सगळ्याच्या पुड्या करता, पण ह्याच्या करू नका. गोळी चुरचुरली पाहिजे. चुरचुरली नाही तर ती मेलेली समजा आणि फेकून द्या." खाली जावईबापूंनी स्वतःच्या हाताने बाटलीचे चित्र काढले आहे आणि बुचाला बाण दाखवला आहे, मला इंग्रजी येत नाही म्हणून. आणि शेवटी तू लिहिलेस, "शपथ घातलीत म्हणून मी येत नाही. तेवढे बाटलीचे करा."

हे पत्र तिच्या मरणाआधी सात दिवस घरात होते.

मी धुळ्याला जाऊन डॉक्टरांना विचारले. त्यांनी आधी मला खुर्चीवर बसवले. मग म्हणाले, "चांगली गोळी दिली असती तरी वाचल्याच असत्या असं नाही, शेठजी. दुसरा झटका मोठा असतो." हे त्यांनी दयेने म्हटले की खरे, हे मला त्यांच्या तोंडावरून कळले नाही. तुला कळवतो आहे ते सुटण्यासाठी नाही. ते म्हणाले तसे लिहिले.

झुंबरबाई आता मला काही ऐकवत नाही. काल फक्त ताट ठेवताना म्हणाली, "बठ्ठं दिधं तिले, आंडेर तेवढी नही दिधी." सगळे दिले तिला, लेक तेवढी दिली नाही. मी जेवलो. झोका अजून लिंबालाच आहे. तो कोणी सोडायचा ते ठरत नाही.

पुड्या गोळा केल्या. दुकानातली आणि कोटातली तशीच होती. आज सकाळी कोटातली एक काढून जिभेखाली ठेवली. खडू. मग कपाटातून बाटली काढली आणि त्यातली एक ठेवली. लगेच चुरचुरली, आणि थोड्या वेळाने डोके ठणकायला लागले. अजून ठणकते आहे, म्हणून अक्षर असे आले.

हे पत्र तू उघडले नाहीस तरी मी समजेन.

बाटलीत आठ उरल्या आहेत. बूच घट्ट लावले आहे.

दलिचंद